माझी पाठ रंगवू नका

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी शिपाई आहे, आणि पहिल्याच वाक्यात तुमच्याशी खोटं बोललो आहे. खिळे आणि चाकं सोडली तर माझ्यात लोखंड औषधालासुद्धा नाही. आत लाकडी पट्ट्या, वर प्लायवूड, त्यावर चंदेरी रंग. छातीवरचा लाल डोळा म्हणजे कुठल्याशा ट्रकचा मागचा दिवा. लॉस एंजेलिसमधल्या एका शेडमध्ये सुतारांनी मला मारधाडीच्या एका सिनेमासाठी ठोकून उभं केलं, तेव्हा तुमचे आईवडील दप्तर घेऊन शाळेत जात असतील.

सिनेमावाल्यांची एक रीत आहे. कॅमेऱ्याला दिसेल तेवढीच बाजू रंगवायची. त्यामुळे पुढून मी साक्षात काळ आणि मागून नुसता खोका. माझ्या पाठीवर उघड्या फळ्या आहेत, खिळे आहेत, सुतारांनी पेन्सिलीने लिहिलेली मापं आहेत. एकाने तिथेच चिकटवलेलं च्युइंगमही आहे, त्याचा आता दगड झाला आहे. पोटात एक माणूस बसायचा. तो दोरी ओढून माझा हात उचलायचा आणि उकाड्याने हैराण होऊन शिव्या घालायचा. स्वतःहून मी कधी इंचभरही हललेलो नाही.

सिनेमातली गोष्ट अशी. पुढच्या काळातलं एक शहर. ते एका कंपनीने विकत घेतलेलं. पोलीस कंपनीचे, पाणी कंपनीचं, बातम्याही कंपनीच्याच. मी गल्लीबोळांतून गस्त घालायचो आणि कुणी जरा टेकला की म्हणायचो, "थांबणं गुन्हा आहे. पुढे चला." तो हलला नाही की गोळी घालायचो आणि गोड आवाजात सांगायचो, "आपला दिवस आनंदात जावो!"

थिएटरात लोक हसून हसून लोळायचे. थांबणं म्हणे गुन्हा! असं कुठे असतं का?

सिनेमा संपला, माझं काम संपलं. मला भंगारात काढत होते, तेवढ्यात गारेन ताश्चियान नावाचा आर्मेनियन माणूस आला आणि टेम्पोत घालून मला घेऊन गेला. पूर्व हॉलीवूडमध्ये त्याचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. त्याने मला दारात उभं केलं. ते माझे सोन्याचे दिवस. पोरं माझ्या डोक्यावर टोपी घालायची, बोटांत चिप्स अडकवायची. कर्टिस नावाचा बस ड्रायव्हर रोज कामावरून येताना मला टपली मारून म्हणायचा, "काय रे डबड्या, आज किती मारलेस?" आणि आत जाऊन माझीच कॅसेट पुन्हा न्यायचा. त्याला सगळे संवाद पाठ होते.

मग लोकांनी कॅसेट बघणं सोडलं. गारेनने दुकानात किल्ल्या करून द्यायला सुरुवात केली. कॅसेटचं एक कपाट त्याने जिवाभावाने ठेवलं, पण मला मागच्या कोपऱ्यात ढकललं. माझ्यावर धूळ चढली. कर्टिसचे केस पिकले. मला वाटलं, आता सरपणच व्हायचं.

दुकानासमोर गाड्या लावायचं आवार आहे. तिथे ओफेलिया मेनहिवार हातगाडीवर पुपुसा विकते. मक्याची जाड भाकरी, आत चीज आणि घेवडा. ती एल साल्वाडोरहून आली ती हे हातातलं कसब घेऊनच. आवाराच्या मालकाने मध्यंतरी एका कंपनीकडून पहारा लावला. माणूस नव्हे, यंत्र. पांढरं, गुळगुळीत, उभं ठेवलेल्या अंड्यासारखं, आपोआप चालणारं. पहिल्याच दिवशी ते ओफेलियाच्या गाडीपुढे थांबलं आणि गोड आवाजात म्हणालं, "कृपया इथे रेंगाळू नका. आपल्या चेहऱ्याची नोंद होत आहे. आपला दिवस आनंदात जावो!"

मित्रांनो, मागच्या कोपऱ्यात माझ्या फळ्या थंड पडल्या. वाक्य माझं होतं! आणि या वेळी एकही माणूस हसला नाही.

यंत्राने एकाच चेहऱ्याची तीनदा नोंद केली की शहराचे अधिकारी येऊन गाडी उचलून नेतात. कलिंगडाच्या फोडी विकणाऱ्याची गाडी तशीच गेली. तो नंतर कुणाला दिसला नाही. ओफेलियाच्या दोन नोंदी झाल्या. तिचं सगळं घर त्या एका तव्यावर चालतं.

"सेन्योर गारेन, मी तोंडाला फडकं बांधू का?" तिने विचारलं.

"चोर तू आहेस का, ओफेलिया जान? चोराने बांधावं," गारेन म्हणाला. आर्मेनियन लोक कुणालाही मायेने 'जान' म्हणतात.

त्याच आठवड्यात एक तरुण दुकानात शिरला. कोल्टन त्याचं नाव. त्या यंत्राच्या कंपनीतला मोठा माणूस, बूट असे पांढरे की जमिनीला लागलेच नसावेत. किल्ली करायला आला होता, पण मला बघून जागीच नाचायला लागला.

"अरे देवा! हा तोच ना? सर, हा मला द्या. तुम्ही म्हणाल ती किंमत. आमच्या ऑफिसच्या दारात उभा करतो. याला बघूनच तर आमचं यंत्र सुचलं!"

गारेनने कानस खाली ठेवली. "याला बघून सुचलं?"

"हो ना! लहानपणी वेड लागलं होतं मला याचं. काय थाट! सगळं शहर गपचूप."

"आणि शेवट?"

"कसला शेवट?"

"सिनेमाचा, बाळा. शेवटी काय होतं?"

कोल्टन लाजला. "शेवट नाही पाहिला कधी. आई अर्ध्यातच झोपायला पाठवायची. मारामारी फार आहे म्हणायची."

ऐकलंत? अर्धा सिनेमा पाहिलेल्या पोरांच्या हातात शहरं गेली आहेत. सिनेमा बनवणाऱ्यांनी ओरडून सांगितलं होतं, बाबांनो, या रस्त्याने जाऊ नका. यांनी त्यात रस्त्याचा नकाशा पाहिला. राक्षस दाखवला तर यांनी त्याची मापं घेतली. माझा डोळा आवडला, माझा आवाज आवडला. माझ्या गोळीने पडलेला माणूस काही यांच्या लक्षात राहिला नाही.

गारेनने कपाटातून कॅसेट काढून त्याच्या हातात दिली. "हा विकायचा नाही. हे घेऊन जा, शेवट बघ आणि परत आणून दे."

"पण ही चालवू कशावर?"

"ते तुझं तू बघ. एवढी यंत्रं बनवतोस."

तो गेला. गारेनने वितीने माझी रुंदी मोजली. मग त्याने कर्टिसला हाक मारली.

शनिवारची दुपार होती, गाडीपुढे रांग लागलेली. माझी चाकं गंजून अडकली होती. त्या दोघांनी मला अक्षरशः फरफटत बाहेर आणलं.

"वजन वाढलंय रे डबड्या तुझं," कर्टिस धापा टाकत म्हणाला.

"वजन तुझं वाढलंय. ढकल!" गारेन म्हणाला.

ओफेलिया कंबरेवर हात ठेवून बघत होती. "हे काय आणताय? गिऱ्हाईक पळेल माझं!"

"तुझ्याकडे पाठ असेल त्याची, जान. तोंड तिकडे."

त्यांनी मला गाडीच्या पुढ्यात उभं केलं, आणि अंडं आलंच. माझ्या रुंदीआड ओफेलियाचा चेहरा त्याला दिसेना. माणूस आडवा आला तर धडक द्यायची नाही, तो हलेपर्यंत हटकत राहायचं, असं त्याला शिकवलेलं. मी लाकूड की माणूस, एवढंही त्या दीडशहाण्याला कळेना.

"कृपया इथे रेंगाळू नका."

मी रेंगाळलो.

"कृपया पुढे चला."

मित्रांनो, मी कुठे जाणार? उभ्या जन्मात मी स्वतःहून हललो नाही. याच गोष्टीची मला लाज वाटायची. त्या दुपारी मला प्रथमच कळलं की हलता न येणं हीच माझी ताकद आहे.

यंत्राने वळसा घेतला. डावीकडून डोकावून ते ओफेलियाचा चेहरा शोधू लागलं. रांगेत धुण्याची टोपली घेतलेली एक बाई होती. तिने टोपली खाली ठेवली आणि ती माझ्या डाव्या अंगाला येऊन उभी राहिली. यंत्र उजवीकडे वळलं. तिकडे कर्टिस हाताची घडी घालून उभा. मग त्याच्या शेजारी गारेन. मग अख्खी रांग.

"आपल्या चेहऱ्याची नोंद होत आहे," यंत्र म्हणालं.

"घे की! दाढीसकट घे!" गारेन ओरडला.

यंत्र जरा थबकलं. पुढचं वाक्य कर्टिसला ठाऊक होतं. त्याने हात वर केला आणि सगळे एका सुरात गरजले, "आपला दिवस आनंदात जावो!"

आणि लोक हसले. इतक्या वर्षांनी, थिएटरात हसायचे तसे. यंत्र बिचारं तेच वाक्य एकटं म्हणालं आणि परत फिरलं.

सिनेमाचा शेवट हाच आहे. एक शाळामास्तरीण माझ्यापुढे थांबते, मग शेजारी थांबतात, मग गल्ली. थांबणं गुन्हा असलेल्या शहरात सगळेच थांबतात आणि माझ्या गोळ्या कमी पडतात.

दुसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा आलं. आम्ही पुन्हा उभे राहिलो. आजही येतं. येऊ दे. ओफेलियाची तिसरी नोंद अजून झालेली नाही. कोल्टनकडची कॅसेटही अजून परत आलेली नाही.

आता माझा मुक्काम गाडीपाशीच आहे. माझ्या पाठीवरच्या खिळ्यांना ओफेलिया तव्याची फडकी अडकवते. परवा गारेन रंगाचा डबा घेऊन आला आणि म्हणाला, ही बाजूही चकाचक करून टाकतो. मला बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. त्याला थांबवा. माझी धूळ पुसा, चाकांना तेल घाला, पावसात ताडपत्री टाका. पण माझी पाठ रंगवू नका. पुढून पुपुसा घ्यायला येणारी पोरं आधी दचकतात, मग मागे जाऊन बघतात आणि म्हणतात, "हात्तिच्या! हा तर खोका आहे!"

तेवढं त्यांना दिसत राहिलं पाहिजे.