फेरफार केलेला नाही

"थोडा काळा येऊ द्या," साहेब म्हणाले.

मी कॅमेरा डोळ्यापासून खाली घेतला. एकतीस वर्षं या कारखान्याचे फोटो काढतोय. गोरा येऊ द्या म्हणणारे पायलीचे पन्नास भेटले, काळा येऊ द्या म्हणणारा हा पहिलाच. आमच्यासमोर पत्र्याला भोकं पाडणारी पंचिंग प्रेस बंद पडली होती. खाली फरशीवर भुसा टाकला होता, आणि तो अजून ओला होता.

दोन तासांपूर्वी त्या प्रेसनं माझ्या मित्राचा उजवा हात मनगटापर्यंत नेला होता. प्रेससमोर एक लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. जास्त नग निघावेत म्हणून ती साहेबांनीच दोन महिन्यांपूर्वी काढायला लावली होती. खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कोणीच नव्हतं, मला धरून.

अपघाताच्या जागेचा फोटो त्याच दिवशी काढायचा असा नियम आहे. तो मी आल्याआल्या काढला होता. जाळीच्या बोल्टांची रिकामी भोकंसुद्धा मोजता येतील असा स्वच्छ फोटो. साहेबांनी तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला आणि दुसरा काढायला सांगितलं.

"तुम्हीच मला शिकवलंत ना ते? खिडकीवर लॉक करायचं?"

शिकवलं होतं. खिडकीपाशी बसलेल्या त्यांच्या मुलीचे फोटो काळे यायचे, म्हणून ते माझ्याकडे आले होते. मी मोठ्या हौसेनं सांगितलं होतं, साहेब, कॅमेरा भोळा असतो, ज्याच्यावर धराल त्याच्यापुरताच उजेड मोजतो. मुलीच्या गालावर धरा, अंगठ्याखालचं लॉकचं बटण दाबा, मग पाहिजे तिकडे वळवा. गाल उजळ येईल. उलट खिडकीवर धरून लॉक केलंत, तर बाहेरच्या झाडाचं पान न् पान दिसेल आणि पोरगी कोळशाची होईल. तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो.

प्रेसच्या मागे खिडकी होती. चांगली मोठी, दुपारच्या उन्हानं भरलेली.

"साहेब, मग जाळी आहे की नाही ते कळणारच नाही."

"तुम्हाला निवृत्तीला किती राहिली?"

"पावणेदोन वर्षं."

"मग?"

त्या 'मग'ला उत्तर होतं. ते मला रात्री जेवताना सुचलं, दुसऱ्या दिवशी सुचलं, आजही सुचतं. तेव्हा मात्र मी मुकाट्यानं कॅमेरा खिडकीवर धरला आणि अंगठा दाबला. उजेड पकडून ठेवला. अंगठा तसाच ठेवून प्रेसकडे वळलो. भिंतीवर लाल अक्षरांची पाटी होती : 'जाळीशिवाय मशीन चालवू नये.' तिच्यावर खिडकीची तिरीप होती. बटण अर्धं दाबून फोकस तिच्यावर बांधला, चौकट थोडी सरकवली आणि बटण पूर्ण दाबलं. हे शेवटचं मला कोणी सांगितलं नव्हतं. ती माझी स्वतःची कारागिरी. पाटी खणखणीत आली, प्रेस काजळून गेली. पहिला फोटो मी पुसून टाकला. मग छापील कागदावर सही केली : 'या छायाचित्रात कोणताही फेरफार केलेला नाही.' अक्षरशः खरं होतं ते, आणि म्हणूनच मला माझी किळस येते.

महिन्याभरानं चौकशी झाली. जाळी जागेवर असताना यानंच बाजूनं हात घातला, असं कंपनीचं म्हणणं. ते मान्य झालं तर भरपाई नाही, आणि दुसऱ्या खात्यात बसून करायचं कामही नाही. मित्र आला. शर्टाची उजवी बाही पिनेनं वर टाचलेली. बायको बरोबर होती. चौकशी अधिकाऱ्यांनी फोटो त्याच्यापुढे सरकवला.

"यात जाळी काढलेली दिसते का तुम्हाला?"

त्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, बायकोला दाखवला.

"पण दोन महिने हे घरी येऊन रोज सांगायचे, जाळी काढलीय म्हणून," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुम्ही तर तिथंच असता. तुम्ही सांगा ना."

साहेब पेनाचं टोपण लावत होते, काढत होते.

"वहिनी," मी म्हणालो, "कॅमेऱ्यासमोर जे होतं, तेच फोटोत आहे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला कळलं असावं.

"अगं, त्याला कशाला मध्ये ओढतेस?" तोच म्हणाला. "आईचा घरात एवढा एकच फोटो आहे, तो यानंच काढलाय. डोळ्याखालचा तीळसुद्धा सोडला नाही त्यानं. हा काढेल तो फोटो खोटा नसतो." पुन्हा एकदा त्यानं त्या काळ्या प्रेसकडे पाहिलं. "जाळी असेल, साहेब. मलाच त्या दिवसाचं धड आठवत नाही."

अधिकाऱ्यांनी कबुलीचा कागद पुढे केला, अंगठा चालेल म्हणाले. तो म्हणाला, नको, सही करतो. त्यानं डाव्या हातात पेन घेतलं आणि एकेक अक्षर काढायला लागला. बराच वेळ लागला. आम्ही सगळे थांबलो होतो. कागद सरकू नये म्हणून बायकोनं तो दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरला होता.