सातव्या दिवसाचा तीन

चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून बसले, तेव्हा मास्तरांच्या कमरेनं कधी कुरकुर केली नाही, आणि जमिनीवर पडलेलं एक टिचभर बटण उचलताना तिच्यात अशी उसण भरली की ते तिथेच आडवे झाले. शेजारच्या चपलांच्या दुकानदारानं त्यांना धरून इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक कागद पुढे केला. नुकती धरलेली पाठ सुटायला किती दिवस लागतात याचा अभ्यास चालला होता, भाग घेणार का? मास्तरांनी लगेच सही केली. त्यांना कुणी काही विचारून बराच काळ लोटला होता.

तेव्हापासून रोज सकाळी अकराला नोंदी घेणाऱ्या ताईंचा फोन यायचा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे जीव नकोसा होतो, तर आज किती? मग ठरलेले प्रश्न : उठताना आधार लागतो का, मोजे घालता येतात का. पहिल्या दिवशी नऊ होता, मग सात, मग पाच. प्रश्न संपले की ताई जेवणाचं विचारत. मास्तर चुलीवर काय ठेवलंय ते सांगत, आणि एकदा बायकोचंही सांगून गेले. ती समोर बसून काजं करायची, तिला जाऊन चार वर्षं झाली. मुलगी तर इतकी लांब होती की हे जागे असले की ती झोपलेली असायची.

दुसऱ्या आठवड्यात ताईंनी आनंदाची बातमी असल्यासारखा नियम सांगितला. सलग सात दिवस शून्य किंवा एक आला की माणूस बरा झाला असं धरायचं आणि फाइल बंद करायची. मास्तरांनी बोटांवर सात दिवस मोजून पाहिले.

तिसऱ्या आठवड्यात पाठ मोकळी झाली. आता ती आणखी थोडी दुखायला काय हरकत होती, पण तिला कुठली मेली दयामाया! मास्तरांनी कापडं बेतायचं जड टेबल एकट्यानं सरकवून पाहिलं, तरी हूं नाही की चूं नाही. सरसकट खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं, म्हणून सहा दिवस त्यांनी इमानदारीत शून्य सांगितला, आणि सातव्या दिवशी तीन. पुन्हा सहा दिवस शून्य, सातव्याला तीन. फोन चालू राहिला आणि मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या खेपेच्या सातव्या दिवशी ताई आकडा विचारण्याआधीच बोलल्या. असं ठरल्या दिवशी उलटणारं दुखणं डॉक्टरांनी कधी पाहिलं नव्हतं. ते अहवालात घालणार होते, आणि पुढच्या रोग्यांना बरं वाटलं तरी सावध राहा म्हणून बजावणार होते.

मास्तरांच्या गळ्यात टेप होती. ती त्यांनी बोटाला गुंडाळली. माप देताना पोट आत ओढणाऱ्या किती भल्याभल्यांना त्यांनी झापलं होतं! श्वास सोडा, चोरून माप द्याल तर कपडा अंगाला बसायचा नाही. आणि इथे तर तो कपडा दुसऱ्यांच्याच अंगावर चढणार होता. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"ताई, तो तीन खोटा होता," ते म्हणाले. "दोन्ही वेळचा. आजचाही शून्यच लिहा."

"मग तीन का सांगितलात?"

"फोन बंद झाला असता."

ताई रागावल्या नाहीत. कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या की एक प्रश्न राहिलाय, तेवढा पुरा करू.

"पाठीमुळे तुम्ही बहुतेक वेळ घरातच असता का? याचं उत्तर तुम्ही रोज 'हो' दिलंय."

"असतो घरातच."

"पाठीमुळे?"

दुकानामागच्या खोलीत एक खाट होती, एक ताट होतं. मास्तरांनी तिकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "पाठीमुळे नाही."

"मग मला 'नाही' असं लिहावं लागेल, मास्तर. दुसरा रकाना नाहीये."

"लिहा."

ताईंनी तब्येत सांभाळायला सांगितलं, आणि मास्तर बरे झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका विजारीची कंबर सैल करायला घेतली. अकराला सवयीनं मशीन थांबवलं. फोन वाजला नाही. पाठ ताठ करून ते सव्वाअकरापर्यंत तसेच बसून राहिले. त्या वेळी कुणी आकडा विचारला असता तर त्यांनी नऊ सांगितला असता, आणि ते माप श्वास सोडून दिलेलं, अगदी खरं असतं.