मुलीची वहिवाट

न्यायाधीश विद्याधरांनी वटारची वाडी लाच म्हणून गिळली, ही बातमी पाचूबंदरच्या मासळी लिलावात निघाली तेव्हा वाडी दीड एकराची होती. अर्नाळ्याला पोचेतो ती बारा एकर झाली, आणि विरारला तर तिच्यात विमान उतरू लागलं. साल त्र्याऐंशी. साहेबांपुढे जमिनी बळकावणाऱ्या टोळीचा खटला चालू होता, तेव्हा बातमी कुणी सोडली हे टांग्याच्या घोड्यांनाही कळत होतं.

वाडी खरं तर साहेबांच्या बायकोची, प्रेमलताची. तिच्या वडिलांनी, नरहरींनी, लिहून दिलेली. दरवर्षी साहेबांच्या मालमत्तेच्या विवरणपत्रात तिची नोंद बंद लिफाफ्यातून वर हायकोर्टात जाई. पण साहेबांना बोलणं झोंबलं. त्यांनी या खेपेच्या विवरणपत्राची नक्कल स्वतःच्या हातानं काढली आणि कोर्टाच्या फलकावर टाचली. वाचा म्हणावं, कुणाला काय वाचायचंय ते.

तिसऱ्या दिवशी प्रेमलता डबा घेऊन आली आणि गर्दीत शिरून वाचू लागली. क्षेत्रफळ, किंमत, ठीक. खाली चतुःसीमा: पूर्वेस पास्कलची विहीर, दक्षिणेस चर्चकडे वळणारी वाट... नवऱ्याची खोड तिला ठाऊक होती. एक बाजू राहिली तरी हा माणूस वकिलांचे दावे परत फेकायचा. शेवटचा रकानाही त्यानं नीट भरला होता. सध्याची वहिवाट: सासरे नरहरी व मुलगी सुमन, वय नऊ.

प्रेमलता डबा तसाच घेऊन गर्दीतून चेंबरकडे वळली. दोन महिन्यांपूर्वी शाळेच्या दप्तरात धमकीची चिठ्ठी निघाल्यापासून सुमन आजोबांकडे होती, गावच्या शाळेत आईच्या माहेरच्या आडनावानं. घरच्यांखेरीज कुणाला सुगावा नव्हता.

चेंबरमध्ये तिनं सांगितलं तसे साहेब चुन्यासारखे पांढरे पडले. तरी तोंडून निघालं ते कायद्याचंच: सही केलेला कागद आहे, आता ओळी खोडल्या तर लोक म्हणतील वाडी लपवली.

"अहो, वाडी राहू द्या तिथे," ती म्हणाली. "पोर तेवढी काढा."

साहेब पेन घेऊन फलकापाशी गेले, तर शिपाई हिरामण हळूच म्हणाला, "साहेब, सकाली एकानं वहीत उतरवून नेलं. वरचं कायपन नाय घेतलं. खालच्याच ओली."

प्रेमलतानं टांगा गाठला. घोडा असा धावला की त्याची सावली निर्मळलाच मागे राहिली. त्यातल्या त्यात देवाची कृपा एवढीच की वटारात पास्कल दहा आणि त्यांच्या विहिरी वीस. ती पोचली तेव्हा सुमन पानवेलींना पाणी घालत होती, आणि दोन वाड्यांपलीकडे एक परका माणूस विहिरीत वाकून विचारत होता, ही कुणाची? पोरीचा हात धरून ती केळींतून मागच्या वाटेनं निघाली. चप्पल घालायलाही थांबू दिलं नाही.

इकडे साहेबांनी चतुःसीमा आणि वहिवाट खोडून खाली लिहिलं, 'कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी', आणि सही ठोकली.

दुसऱ्या सकाळी मासेवाली द्वारका दारात टोपली उतरवून सांगत होती, साहेबांनी ओळी खोडल्या म्हणे. तिथे दोन बंगले लिहिले होते, एक तर तिमजली.

पोरीचं एक नाव घेतलं असतं तर दोन्ही बंगले तिथल्या तिथे कोसळले असते. प्रेमलतानं बोंबील घेतले, दार लावलं आणि वर कडीही घातली.