एकोणिसावी जोडी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटणारा, माउस नसलेला. शिरूर कासारच्या एका गाळ्यात पोत्याखाली पडून आहे. उद्या भंगारवाला येणार असं कानावर आलंय, म्हणून घाईनं सांगतो. हात जोडतो, एवढं ऐकून घ्या.

सत्त्याण्णव साली योगीराज सरांनी मला बीडहून एसटीनं आणलं, गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन. त्यांच्या घरचं कापडाचं दुकान होतं; त्याच्या शेजारीच त्यांनी क्लास काढला. चपला बाहेर, उदबत्ती आत, असा माझा थाट! पोरं मला हात लावायला भ्यायची. राजनंदिनी मात्र भ्याली नाही.

ती नुकतीच दहावी झालेली. तिचे आईवडील दरसाल दसरा झाला की ऊसतोडीला जात. तिला मात्र बीडच्या कचेरीत टायपिंगची नोकरी करायची होती. 'डीआयआर' लिहिलं की पोटात काय काय आहे ते मी दाखवतो, 'कॉपी' म्हटलं की प्रत काढतो, 'डेल' म्हटलं की पुसतो. महिन्याभरात हे सगळं ती बटणांकडे न बघता करू लागली. मला तिचा लळा लागला, खोटं कशाला बोलू?

मग ऊसतोडीला मजुरांची टोळी नेणारा मुकादम बंकट आला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्याला सहसा कुणी नेत नाही. त्याला नवे कोयते, म्हणजे नवी जोडपी हवी होती. त्यानं सरांकडून पाच गावांची यादी मागितली. घरात कोण कोण, वय काय, जात कोणती, लग्न झालंय का, अंगानं धडधाकट आहे का. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. सरांनी ते काम सराव म्हणून राजनंदिनीला दिलं. ती दारोदार हिंडली, आणि लोकांनीही आपलीच पोर म्हणून सगळं सांगितलं. इतकी प्रामाणिक, की स्वतःच्या घराची ओळही तिनं भरली. वय पंधरा, लग्न नाही, प्रकृती उत्तम.

यादी झाल्यावर सरांनी मला हुकूम दिला, जुळतील त्या जोड्या सुचव. मी मिनिटभरात बेचाळीस सुचवल्या. एकोणिसावी जोडी होती नेकनूरचा सुग्रीव आणि आमची राजनंदिनी.

सर चहाला गेले होते. तिनं ती ओळ वाचली आणि 'डेल' लिहिलं, पुढं यादीच्या फाइलचं नाव लिहिलं, एंटर दाबलं. गेली एकदाची, असं स्वतःशीच पुटपुटून ती घरी पळाली.

गेली नव्हती, मित्रांनो! हेच मला तिला ओरडून सांगायचं होतं. 'डेल' म्हटल्यावर मी फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं खोडतो. बाकी सगळं आत तसंच राहतं. दुसऱ्या दिवशी सरांनी 'अनडिलीट' लिहिलं. मी पहिलं अक्षर विचारलं, त्यांनी दिलं, आणि अख्खी यादी वर आली. नाही म्हणायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

छापलेल्या जोड्यांचा कागद बंकटनं घरोघर दाखवला. पत्रिका जुळून आल्यासारखा लोकांनी तो कपाळाला लावला. राजनंदिनी रडली, जेवली नाही, हट्टाला पेटली. शेवटी तिचे वडील त्रिंबक तिला क्लासात घेऊन आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मुकादम खोटं बोलंल, आमी चुकू. पर ह्या मशीनचं तुझ्याशी काय वैर हाय?"

वैर नव्हतं हो, मायाच होती. पण माझ्याकडे पत्रिकाही नव्हती आणि अक्कलही नव्हती. तिनं भरलेली माहिती होती आणि बंकटला काय हवं ते होतं, बस्स.

लग्न लागलं. ऊसतोडीचा ट्रक सुटायच्या आधी ती एकदा आली. हातात हिरवा चुडा, काखेत नवा कोयता. तिनं सावकाश स्वतःचं नाव लिहिलं आणि एंटर दाबलं. मला एकच उत्तर येत होतं. चुकीची आज्ञा. ते वाचून ती एवढंच म्हणाली, "माझंच नाव मी ह्यात कावून भरलं रे?"

पुन्हा ती आली नाही.

माझ्याहून हुशार यंत्रं येतील. तुम्हाला काय आवडेल, तुमचं कुणाशी जमेल, ते सांगतील. तेव्हा आधी विचारा, ही यादी कुणासाठी? आणि पुसलं म्हणजे गेलं असं समजू नका.

जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला शिकवतात. मला जपू नका. भंगारवाल्याच्या हाती देण्याआधी माझी डिस्क काढा आणि हातोड्यानं फोडा. ती ओळ अजून आत आहे. वय पंधरा, लग्न नाही.