सशांच्या कपाटातली सावत्र आई

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे आणि या क्षणी सुतळीने करकचून बांधलेले आहे. माझ्यावर फाटका नकाशासंग्रह आहे, खाली पुठ्ठा निघालेला शब्दकोश. रद्दीवाल्याचा टेम्पो कोणत्याही क्षणी येईल. म्हणून जरा घाईने सांगते.

माझा कागद स्वस्तातला. त्यात लाकडाचा अंश बराच राहिलेला. अशा कागदाला हवा आणि उजेड लागला की तो पिवळा पडत जातो, त्यामुळे माझे म्हातारपण लवकर आले. माझ्यात एकच गोष्ट आहे आणि ती तुम्ही लहानपणी ऐकली आहे: सावत्र आई मुलीला रानात धाडते. माझ्या लेखिकेने ती मोठ्या माणसांसाठी नव्याने लिहिली आणि सांगायला बसवले सावत्र आईला. इथे मुलगी चिडून आपणहून निघते आणि आई कंदील घेऊन मागोमाग चालते. जवळ गेली तर मुलगी पळेल, फार मागे राहिली तर उजेड पोहोचणार नाही. सगळी गोष्ट त्या अंतराची आहे.

पण मुखपृष्ठावर रान होते, चंद्र होता, वेणी घातलेली मुलगी होती. वाचनालयात आल्या आल्या ग्रंथपाल मॅडमनी मला न उघडताच सशांची चित्रे काढलेल्या बुटक्या कपाटात ठेवले.

मुले मला उघडत आणि आत चित्रे नाहीत म्हणून तोंड वाकडे करत. मोठी माणसे मात्र येत. उकिडवी बसत, कुणी पाहत नाही ना याची खात्री करत आणि वाचत. मला फार कुतूहल वाटे. ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा कशाला वाचायची? नीट पाहिल्यावर उमगले. मुले विचारतात, पुढे काय झाले? मोठ्यांना विचारायचे असते, तिने असे का केले? लहानपणी जिचा राग केला, तिच्याच वयाला ही माणसे येऊन पोहोचलेली असतात.

पण घरी कुणी नेईना. मुलांचे पुस्तक आपल्या नावावर कसे काढायचे! माझ्यावर तारखेचा शिक्का कधी पडलाच नाही. आणि इथली रीत अशी की शिक्का नाही, तर वाचक नाही.

शिवणकाम करणारी एक बाई नेमाने येई. जेवणाच्या सुट्टीत, गळ्यातली मापाची टेप तशीच. छोट्या खुर्चीत कशीबशी मावून थोडी पाने वाचे आणि खुणेला दोरा ठेवी. नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी तिच्याशी बोलत नव्हती. "जेवलीस का गं?" असे ती फोनवर विचारी आणि पलीकडून फोन बंद होई. मग ती पुन्हा मला उघडी. तिचे फक्त शेवटचे पान राहिले आहे.

आज ती धापा टाकत आली. कपाट रिकामे, खुर्चीही हलवलेली.

"काय हवंय ताई?" मॅडमनी विचारले.

"काही नाही. मुलीसाठी बघत होते."

"केवढी आहे?"

"कॉलेज संपलं तिचं."

मॅडम हसल्या. "मग इथे काय शोधताय, सशाचं लग्न? ही सगळी रद्दीत चाललीत. कुणी हातसुद्धा लावत नाही."

विचार, बाई! नाव घे माझे! मी सुतळीखाली जीव तोडून ओरडत होते. पण ती बसायला जागा नाही म्हणून आमच्या गठ्ठ्यावरच बसली. मग तिने फोन लावला.

"निघालीस? ... बाबांना सांगितलंस, मला नाही. ... बरं, राहिलं. ... अगं, अडवत नाहीये मी. एवढ्या लांब नोकरीला चाललीस, नुसती स्टँडवर येते. ... सोबत नको तर नको. तू पुढे चाल, मी मागे राहीन."

मित्रांनो, ते वाक्य माझे आहे! कंदीलवाल्या आईचे!

पलीकडून काय उत्तर आले, मला कळले नाही. ती उठली आणि पळत सुटली. दोऱ्याची खूण अजून माझ्या पोटात आहे. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजतो आहे.

माझी विनवणी ऐका. आवडलेले पुस्तक चोरून वाचू नका. नाव घेऊन मागा, आपल्या नावावर घरी न्या, त्याच्यावर शिक्का पडू द्या. मला आता उशीर झाला. पण बसस्थानकावर गळ्यात टेप असलेली एक बाई कुणा मुलीपासून जरा अंतर राखून उभी दिसली, तर तेवढे माझे शेवटचे पान तिला सांगा. लवकर सांगा, बस सुटायच्या आत. रान संपते तिथे मुलगी थांबते. मागे वळते आणि म्हणते, "आण तो कंदील इकडे. हात भरून आला असेल तुझा."