दहा मोजणारे मामा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना नेटवर्क स्विच आहे. स्विच म्हटल्यावर लगेच भिंतीवरचं दिव्याचं बटण डोळ्यांपुढे आणू नका. त्याचा मला भारी राग येतो! मी एक लोखंडी पेटी आहे, हातभर रुंद आणि दोन-अडीच बोटं उंच. माझ्या तोंडावर चोवीस भोकं आहेत, प्रत्येक भोकात एक तार आणि प्रत्येक तारेमागे एक हिरवा दिवा. एका संगणकाचा निरोप दुसऱ्या संगणकाला, आणि फक्त त्यालाच, नेऊन पोहोचवायचा, हे माझं काम. इकडचं तिकडे सांगायचं, पण चुगली करायची नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पातळ हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या पाठीवर नंबर चिकटवला, फुंकर मारून धूळ उडवली आणि मला खोक्यात ठेवलं. माझं बालपण एवढंच. खोकं उघडलं ते एकदम या वाचनालयाच्या जिन्याखालच्या खोलीत. उघडणारे होते चष्मेवाले काका. इथली सगळी तारांची कामं तेव्हा तेच करायचे. माणूस गुणी, पण घाई अशी की चहासुद्धा उभ्यानेच घ्यायचे. त्यांनी मला कपाटात बसवलं, एकेक तार जोडली आणि प्रत्येकीवर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली. "पुस्तक देवघेव", "बालविभाग", "वरचा हॉल". त्या चिठ्ठ्या आता पिवळ्या पडल्यात, पण अजून वाचता येतात. काका मात्र तीन वर्षांपूर्वी गेले.

अकरा वर्षं मी रात्रंदिवस काम केलं. कुणी वरच्या हॉलमध्ये पुस्तकाचं नाव शोधलं की तो निरोप माझ्यातून जायचा. पोरांनी बालविभागात ग्रहताऱ्यांची चित्रं उघडली की तीही माझ्यातूनच जायची. पण कौतुक? नाव नको! आमच्या धंद्यात असंच आहे. सगळं सुरळीत चाललं की आम्ही कुणाच्या खिजगणतीत नसतो, आणि जरा अडलं की शिव्यांना आम्ही पुढे.

एक माणूस मात्र रोज माझी विचारपूस करायचा. ते म्हणजे वाचनालयाचे शिपाई, मामा. रोज सकाळी मऊ फडक्याने माझं अंग पुसायचे आणि पुसताना बोलायचे, "काय रे बाबा, बरा आहेस ना?" तीस वर्षं नोकरी झाली त्यांची. एक दिवस उशीर नाही, एक शब्द वाकडा नाही. निवृत्तीला फक्त दीड महिना उरला होता.

काका गेल्यावर तारांची कामं ताई बघू लागली. आठवड्यातून दोनदा यायची. हुशार आणि हसतमुख पोरगी. एरवी कुणी बारीकसारीक अडचणीसाठी बोलावू नये म्हणून तिने मामांना एक गुरुमंत्र देऊन ठेवला होता. "मामा, कुठलंही यंत्र अडलं ना, की घाबरायचं नाही. बटण बंद करायचं, दहापर्यंत मोजायचं आणि परत चालू करायचं. शंभरातली नव्वद दुखणी तिथेच बरी होतात."

मामांनी हा मंत्र गाठीला बांधला. छपाईयंत्र रुसलं, मोजा दहा. पडदा काळा झाला, मोजा दहा. मोठ्याने मोजायचे हो! आणि यंत्र सुरू झालं की छाती अशी फुगायची, जणू त्यांनीच ते बनवलंय. लोक त्यांना थट्टेने 'डॉक्टर' म्हणायला लागले होते.

आणि मग तो दिवस उजाडला.

ताई सकाळीच आली. माझ्यात नवी आज्ञावली भरायची होती. तिने आधी माझ्या सगळ्या नेमणुकांची, म्हणजे कुठली तार कुणाची आणि कुणाला काय परवानगी याची, नक्कल आपल्या लॅपटॉपवर काढून घेतली. मग काम सुरू करून दिलं आणि समोर चहा प्यायला गेली. जाताना कुणाला काही सांगितलं नाही. एक चिठ्ठीसुद्धा लावली नाही.

इथे तुम्हाला माझ्या पोटातलं थोडं सांगायला हवं. माझ्या पोटात दोन वह्या आहेत. मोठ्या वहीत माझी सगळी विद्या असते. दुसरी अगदी इवलीशी. तिच्यात फक्त एवढंच असतं की जागं व्हायचं, मोठी वही शोधायची आणि वाचायला लागायचं. ते माझं बाळकडू. त्या वेळी माझ्या मोठ्या वहीतलं जुनं पुसून नवं लिहिणं चाललं होतं. अशा वेळी माझे हिरवे दिवे पिवळे होतात आणि पंखा जोरात घोंगावतो.

नेमके तेव्हाच मामा फडकं घेऊन आले. पिवळे दिवे बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे देवा, पोराला ताप चढला की काय!" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. ताई दिसेना. मग शहाण्या माणसाने करावं तेच त्यांनी केलं. बटण बंद केलं आणि मोजायला लागले, "एक, दोन, तीन..."

मित्रांनो, लिहिता लिहिता कुणी वही टरकन फाडावी, तसं झालं. दहा म्हणून त्यांनी बटण दाबलं तेव्हा मी जागा झालो, मोठी वही उघडली आणि पाहतो तर काय, अर्धं पान लिहिलेलं, पुढे सगळा चिखल. मी पुन्हा पहिल्यापासून उठलो. पुन्हा तेच. चोवीसच्या चोवीस दिवे विझलेले. वर देवघेवीपुढे रांग खोळंबली आणि बालविभागातून पोरांचा "अरेरे!" ऐकू आला.

ताई धावत आली. मागोमाग वाचनालयाचे व्यवस्थापक आले, सगळे त्यांना साहेब म्हणायचे. मामा तिथेच हात जोडून उभे होते. "ताई, मी दहा मोजले हो नीट."

ताईचा चेहरा उतरला. "साहेब, चूक माझी आहे. मंत्र मीच शिकवला आणि आज सांगून गेले नाही."

"तुमची चूक असेलही," साहेब म्हणाले, "पण बटणावर हात कुणाचा होता? मला वर उत्तर द्यावं लागतं. पाचच्या टपालाने माझा अहवाल जाईल. तोवर हे चालू झालं तर ठीक. नाहीतर शिपायाच्या निष्काळजीपणामुळे यंत्र निकामी झालं, असंच मी लिहिणार. आणि ही पेटी भंगारात."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच! तीस वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकात शेवटच्या दीड महिन्यात 'निष्काळजी' असा शिक्का. मामा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले, उलगडत राहिले. मला भंगाराची भीती वाटली नाही असं नाही, पण त्या घडीकडे मला बघवेना.

ताईने माझ्या पाठीमागच्या भोकात एक चपटी निळी तार लावून ती लॅपटॉपला जोडली. ही तार म्हणजे आमचा शेवटचा आधार. सगळं बंद पडलं तरी तिच्यातून मला बोलता येतं. इतक्या वर्षांत ताईवर ती वापरायची वेळच आली नव्हती. मी आनंदाने ओरडलो, "मी जिवंत आहे! बाळकडू शाबूत आहे. फक्त मोठी वही द्या!"

पण ताईच्या पडद्यावर काय उमटलं? चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटीसुलटी अक्षरं. तिने तार बदलली. पुन्हा चौकोन. लॅपटॉप बदलला. पुन्हा तेच. मी घसा फोडून सांगतोय आणि समोरच्याला ते बडबडणं वाटतंय! अडीच वाजून गेले.

साहेब डोकावले. "डोकं फिरलंय त्याचं. सोडा आता."

ताईने कपाळाला हात लावला. घाबरलेल्या माणसाला साधी गोष्टही सुचत नाही. तेवढ्यात पायरीवरून मामांचा आवाज आला, अगदी हळू. "ताई, तो फार भरभर बोलतो ना, म्हणून कळत नसेल."

"भरभर? कोण म्हणालं तुम्हाला?"

"चष्मेवाले काका. एकदा असंच या निळ्या तारेने काही करत होते, मी बॅटरी धरून उभा होतो. म्हणाले, मामा, हा फार रेंगाळत बोलतो, मला इतका वेळ नाही. आज याला बारा पट भरभर बोलायला शिकवलं. आम्ही हसलो होतो दोघं."

ताई बोटांवर मोजत पुटपुटली. "नेहमीचा वेग सेकंदाला नऊ हजार सहाशे खुणा. बारा पट म्हणजे... एक लाख पंधरा हजार दोनशे! मामा, अहो हा वेडा नाही झाला! मीच सावकाश ऐकतेय!"

तिने लॅपटॉपचा वेग बदलला आणि एंटर दाबलं. पडद्यावर माझं बोलणं स्वच्छ, एका ओळीत उमटलं: मोठी वही सापडत नाही, आज्ञेची वाट पाहतो आहे. हुश्श! कुणीतरी आपलं म्हणणं समजून घेतलं, यासारखं सुख नाही, मित्रांनो.

पुढचं काम सोपं नव्हतं, पण रस्ता कळला होता. ताईने माझी फाटकी वही साफ पुसली आणि लॅपटॉपवर जपून ठेवलेली जुनी आज्ञावली त्या निळ्या तारेतून थेंबाथेंबाने पाठवायला सुरुवात केली. काकांची घाई नसती तर त्यालाच दहा-अकरा तास लागले असते आणि पाचचं टपाल केव्हाच निघून गेलं असतं. आता तासाभराच्या आतलं काम होतं. सव्वातीन वाजले होते.

"मामा," ताई म्हणाली, "आता याला कुणी हात लावायचा नाही. तुम्ही बसा इथे."

मामांनी स्टूल ओढलं आणि बटणासमोर बसले. पाठ ताठ, फडकं खांद्यावर. माशीची हिंमत नव्हती जवळ यायची. पावणेचारला साहेब आले, पिवळे दिवे पाहिले आणि म्हणाले, "अजून अडकलेलंच दिसतंय. एकदा बंद करून चालू करून बघू या का?" आणि हात पुढे केला.

मामा ताडकन उठले. तीस वर्षांत ज्यांनी साहेबांपुढे मान वर केली नव्हती, ते म्हणाले, "साहेब, हात मागे! तो लिहितोय. लिहिताना कुणाला उठवू नये."

साहेबांनी मुकाट्याने हात खिशात घातला. मला हात असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या!

चार वाजून दहा मिनिटांनी शेवटचा थेंब आला. ताईने पूर्ण वही तपासून घेतली, मला जागं केलं आणि सकाळची नक्कल माघारी दिली. मी एकेक ओळ वाचत गेलो. ही तार देवघेवीची. ही बालविभागाची. ही वरच्या हॉलची. आणि मित्रांनो, माझा पहिला दिवा हिरवा झाला! मग दुसरा, मग पाचवा, मग भराभर सगळे, चोवीसच्या चोवीस! वरून पोरांचा असा गलका झाला की 'शांतता राखा'ची पाटीसुद्धा हादरली असेल. पाचला अजून पंचवीस मिनिटं होती.

साहेब खाली आले. त्यांनी खिशातून लिहून ठेवलेला अहवाल काढला, सर्वांसमोर त्याचे चार तुकडे केले आणि म्हणाले, "मामा, मी घाई केली." मामांनी नुसती मान हलवली. मग ते तुकडे उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकले, कारण जमिनीवर कागद पडलेला त्यांना चालत नाही.

दीड महिन्याने मामा निवृत्त झाले. त्याच सकाळी ताईने माझ्यात नवी आज्ञावली पूर्ण भरली होती आणि आता मला रीतसर एकदा बंद करून चालू करायचं होतं. सगळी तयारी झाल्यावर ती म्हणाली, "मामा, बटण तुम्ही दाबायचं."

मामांनी हात मागे घेतला. "नको ताई. त्या दिवसापासून धीर होत नाही."

"विचारून दाबताय ना? मग कसली भीती?"

मामांनी बटण बंद केलं. त्या चिमुकल्या खोलीत साहेब होते, देवघेवीच्या बाई होत्या, बालविभागातली पोरं जिन्यापर्यंत दाटली होती. सगळ्यांनी मिळून मोजलं, "एक, दोन, तीन..." मामांचा आवाज सगळ्यांत मोठा. दहाला त्यांनी बटण दाबलं आणि मी चोवीस हिरवे दिवे असे काही लावले की तसे अकरा वर्षांत कधी लावले नव्हते.

मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली एक पाटी आता माझ्यावर लटकते. बालमित्रांनो, मी जुना आहे, कधीतरी जाईनच. पण तेवढी पाटी वाचून जा. जिथे जिथे काम करणारं यंत्र किंवा माणूस दिसेल, तिथे ती उपयोगी पडेल. तिच्यावर लिहिलंय: "आधी विचारा. मग दहा मोजा."