गाडी निवेपर्यंत

लोणी भापकरहून बावड्याला पोचायला रश्मीला तीन एस.टी. बदलाव्या लागल्या आणि तिन्हींत पिंकी तिच्याच मांडीवर होती. बुद्धघोषनं वाटेत दोनदा "दे माझ्याकडं" म्हणून पाहिलं, पण पोरगी अडीच वर्षांची, आईचा पदर सोडीना. इंदापूरच्या स्टँडवर रश्मीनं तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं. अकलूजच्या गाडीत चढल्यावर परत लावला.

"आजारी हाय का लेकरू?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"नाही," रश्मी म्हणाली. "सवय लागलीय."

सवय गेल्या श्रावणातली. भरदुपारची वेळ, बुद्धघोष शाळेत शिकवायला गेलेला, सासरे धोंडीबा भेंडीला पाणी धरायला रानात. पिंकीला सकाळपासून कणकण होती. रश्मी तिच्यासाठी पेज गार करत होती, आणि मागं वळून पाहते तो पोरीचे डोळे वर गेलेले, ओठ निळे पडलेले, हातपाय ताठ. तिला उचलून रश्मी अनवाणीच रस्त्यावर आली. मिळाला तो दुधाचा टेम्पो. कॅनच्या मधे बसून ती बारामतीला पोचली. बी.एस्सी.ची पहिल्या वर्गातली पदवी घरात फ्रेम करून लावलेली होती, पण त्या वाटेवर तिला एवढंच सुचलं की आकडे मोजावेत. डॉक्टर म्हणाले, तापातले झटके आहेत, पाच वर्षांची होईपर्यंत येऊ शकतात, पुढं जातात. ताप चढू द्यायचा नाही, आणि झटका आलाच तर लगेच घेऊन यायचं. लगेच हा शब्द ते इतक्या सहज बोलले की त्यांना बहुधा लोणी भापकर कुठं आहे ते माहीत नसावं.

त्या दिवसापासून रश्मीला सलग झोप नव्हती. डोळा लागे न लागे तोच हात आपसूक पोरीच्या कपाळावर जाई.

तिचं म्हणणं साधं होतं. बारामतीला लागून जळोचीत दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्या घ्याव्यात. तिथून दवाखाना दहा मिनिटांवर, शाळेला बुद्धघोषनं एस.टी.नं ये-जा करावी. बुद्धघोष नाही म्हणत नसे. तो "बघू" म्हणे. धोंडीबा रान सोडून यायचे नाहीत, आणि म्हाताऱ्या बापाला टाकून मास्तर तालुक्याला गेला असं आळीनं म्हणावं, हे त्याला सोसणारं नव्हतं. रश्मीला ते कळत होतं, म्हणून तर भांडता येत नव्हतं. भांडण झालं असतं तर निदान एकदाचं संपलं असतं.

आणि मग डिसेंबरात त्यानं गाडीचं काढलं. शाळेतल्या शिपायाच्या मेव्हण्यानं सांगितलेली. बावड्याच्या एका डाळिंबवाल्याची कॉन्टेसा, दोन वर्षं नुसती उभी. थोरल्या भावानं हौसेनं घेतलेली. आता तो पुण्याला गेला आणि धाकट्याला ती दारात नको होती. नव्या स्कूटरच्या भावात देत होते.

"दुपारी तुम्ही शाळेत असणार," रश्मी म्हणाली होती. "चालवणार कोण?"

"तू. मी शिकवतो तुला."

डी.एड.ला असताना त्यानं मामाची जीप चालवली होती, त्या जोरावर हे बोलणं. पण तिला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यानंतर जागेपणी पडल्या पडल्या तिनं ती न पाहिलेली गाडी कितीदा तरी बारामतीला नेली होती. मागच्या सीटवर पिंकी, पुढं ती.

धोंडीबांनी तेवढं एकदा विचारलं, "येवढी मोठी गाडी आपल्या आळीत वळायची कुठं रं?"

"वळंल की, आबा."

"वळू द्या मग. मला मोरं बसवा म्हंजी झालं."

बावड्यात उतरल्यावर तो धाकटा भाऊ, ज्ञानेश, मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभाच होता. तिशीचा, बोलका माणूस. तिघांना एकाच फेरीत मळ्यावर नेलं. डाळिंबं भरायची पत्र्याची शेड होती, तिच्या सावलीला एका बाजूला रिकाम्या क्रेटची थप्पी आणि तिला लागून गाडी.

लांबच लांब, रुंद. रंग एकेकाळी वांगी असावा, आता टपावर पांढुरका पडलेला. कोंबड्यांची घाण खरवडून काढल्याच्या खुणा होत्या. एका दिव्याच्या जागी नुसतं भोक. मागच्या काचांना जाळीचे पडदे, त्यांना उंदरांनी खालून झालर केलेली. पण बसायच्या सीटा मखमली होत्या आणि मागची तर एखाद्या दिवाणासारखी. बुद्धघोष गाडीभोवती एक चक्कर मारून आला तेव्हा त्याचा चेहरा रश्मीला लग्नातल्या फोटोत होता तसा दिसला. तिला त्याची दया आली आणि थोडी भीतीही वाटली.

"किल्ली लावू का?" ज्ञानेश म्हणाला. "आवाज ऐका नुसता."

"थांबा जरा," रश्मी म्हणाली.

तिनं पिंकीला बुद्धघोषकडं दिलं आणि गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला. का ठेवला हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. हात गेला. तसाच थोडा वेळ राहिला. मग ती चालत मागं गेली आणि डिकीवर हात ठेवला. कपाळ गरम आणि पाय गार, म्हणजे ताप अजून चढतोय. श्रावणापासून तिनं हे एवढ्या वेळा तपासलं होतं की हात फसणं शक्य नव्हतं.

"मघाशी चालू केली होती का?"

ज्ञानेश किल्ली बोटावर फिरवत होता, ती थांबली. "तुमी येणार म्हणून जरा फिरवून आणली. उभ्या गाडीला बरं असतंय."

"मग आम्ही थांबतो. निवू दे तिला."

"निवू दे?"

"गार असताना बघायचीय."

"वहिनी, गाडीला थर्मामीटर लावताय व्हय?" ज्ञानेश हसला. "सर, तुमच्या घरात जपून राहावं लागत असंल."

बुद्धघोष हसला नाही. तो तिला क्रेटच्या थप्पीआड घेऊन गेला. "अगं, लोक काय म्हणतील? त्यानं फाट्यावरून आणलं आपल्याला."

"आपल्या दारात भरदुपारी ती गारच उभी असणार. किल्ली मी लावणार. मला तशी बघू दे."

"आणि परतीची गाडी?"

"साडेतीनची आहे, मी विचारून ठेवलंय."

 तिनं विचारून ठेवलं नाही असं आजवर काही झालं नव्हतं.

तेवढ्यात ज्ञानेशची आई चहा घेऊन आली. रंगूबाई. सत्तरीची, वाकलेली, पण हात न कापणारे. दुसऱ्याच्या घरी कप कुठले निघतात ते रश्मीची नजर आधी बघायची. लहानपणापासूनचं होतं ते. सगळ्यांचे कप एकाच ताटातून आले, एकाच फुलाचे, एकाचा कान तुटलेला. तुटक्या कानाचा रंगूबाईनं स्वतःला घेतला. रश्मी चहा प्यायली.

मग नुसतं थांबणं. ज्ञानेश बुद्धघोषला बाग दाखवायला घेऊन गेला. पिंकी कुरकुरायला लागली. रश्मीनं तिला खांद्यावर घेऊन शेडमधे येरझाऱ्या घातल्या, क्रेट मोजली, चिमण्या दाखवल्या. दर फेरीला एक हात बॉनेटवर, एक पोरीच्या कपाळावर. रंगूबाई शेंगा फोडत बसली होती आणि बघत होती.

"किती रातीची जागी हाईस गं?"

"आजी?"

"डोळं बघ तुजं. मागल्या सीटवर टाक तिला. दारं दोनी उघडी ठेव, वारं येतंय."

पिंकीला ठेवायचं म्हणून रश्मी आत बसली. सीट खाली दबली आणि मग थांबली. उंदरांचा वास होता, धन्याचाही होता, कुणीतरी कधी पोतं ठेवलं असेल. पिंकी कुशीत वळली. पाचच मिनिटं, रश्मी मनाशी म्हणाली, ही झोपेपर्यंत.

जाग आली तेव्हा ऊन क्रेटच्या पलीकडं सरकलं होतं. ती दचकून उठली. हात पोरीकडं गेला. गार होती, तोंड उघडं टाकून घामेजून झोपलेली. रंगूबाई आता उघड्या दाराशी पोतं टाकून बसली होती, पाठ गाडीला टेकून.

"किती वाजले?"

"अडीच झालं असत्याल. घोरत हुतीस."

रश्मीनं पदर सारखा केला. इतकी झोप. एवढ्या वेळात काय काय झालं असतं, हा विचार आला, आणि त्याचवेळी अंग मात्र हलकं होतं, नको तितकं हलकं. तिला तिथून उठावंसं वाटेना.

"ज्ञानेश दोनदा यून गेला," रंगूबाई म्हणाली. "किल्ली हातात. म्हणलं, लेकरू निजलंय, उठंल. फिर माघारी." तिनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि वर बघितलं नाही.

रश्मीला जरा वेळानं समजलं. मधे एकदा चालू केली असती तर एवढं थांबणं फुकट गेलं असतं. राखण करायची म्हणून जी थांबली तीच झोपली होती, आणि राखण भलत्याच बाईनं केली होती.

"आजी, खरं सांगाल? चांगली आहे का गाडी?"

म्हातारीनं सुपातली टरफलं वेचून टाकली. "थोरल्यानं घेतली तवा लई मिरवली. त्यो गेला पुण्याला, तितं नवी घेतली. ही राहिली, मी राहिले." मग म्हणाली, "निजायला चांगली हाय."

दोघं बागेतून आले तेव्हा रश्मी पुढच्या सीटवर, स्टिअरिंगच्या मागं बसलेली होती. बॉनेट तिनं तपासलं होतं. पिंकी जागी होऊन रंगूबाईच्या सुपातले दाणे खात होती.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

"तुमाला येतीया?"

"चालवायला नाही. फिरवायला येईल."

ज्ञानेशनं बुद्धघोषकडं पाहिलं. बुद्धघोषनं मान हलवली. रश्मीनं किल्ली लावली आणि फिरवली. गाडीच्या पोटात काहीतरी खरखरलं, जड, झोपेतून उठवलेल्या माणसासारखं. ती मोजत होती. एक, दोन, तीन. दहाला तिनं सोडली. ज्ञानेशनं खिडकीतून हात घालून चोक ओढला. "आता बघा." परत खरखर, यावेळी हळू. तिसऱ्यांदा आणखी हळू. चौथ्यांदा नुसतं टक् झालं आणि पुढचा एकुलता दिवा मिणमिणून विझला.

दुधाच्या टेम्पोत ती सहाशेपर्यंत मोजून मग चुकली होती.

"बॅटरीचं हाय नुसतं," ज्ञानेश म्हणाला. "ढकलली की लागतीया. सर, या बरं."

रश्मी उतरली. ज्ञानेश स्टिअरिंगवर बसला. बुद्धघोष आणि बागेतला एक गडी, दोघांनी मागून रेटा दिला. गाडी हलेना, मग एकदम हलली. शेडच्या उताराला लागली, दोन हिसके देऊन धडधडली आणि काळा धूर सोडून चालू झाली. ज्ञानेशनं विजयानं हॉर्न वाजवला. तोही वाजला, घोगरा.

"बघा," तो ओरडला. "काय म्हणत हुतो?"

बुद्धघोष उतारावर उभा होता, धापा टाकत. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाला छातीवर काळा पट्टा उठला होता. तो आपल्या तळव्यांकडं पाहत होता. गाडीपेक्षा खोल्या बऱ्या, हे कसं म्हणायचं ते रश्मी सकाळपासून जुळवत होती. पण त्याच्याकडं पाहून तिला ते म्हणवेना. शिवाय खरं सांगायचं तर तिला गाडी हवी होती. तो दिवाण, ते पडदे, ती दोन तासांची झोप. आजवर तिला स्वतःसाठी त्याच्याकडून काही हवं असं झालंच नव्हतं, आणि झालं तेव्हा हे.

"कळवतो तुम्हाला," बुद्धघोष ज्ञानेशला म्हणाला.

"कळवतो म्हंजी न्हाय," ज्ञानेश म्हणाला, पण रागानं नाही. त्यानं त्यांना साडेतीनच्या गाडीला सोडलंसुद्धा. रंगूबाईनं पिंकीच्या मुठीत दाणे कोंबले आणि रश्मीला म्हणाली, "नीज घेत जा, बाय. जागं राहून दुखणं थांबत न्हाय." रश्मीनं हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

 इंदापूरहून बारामतीच्या गाडीत जागा मिळाली. पिंकी दोघांच्या मधे बसून खिडकीला नाक लावून होती. पावट्याची, कांद्याची रानं मागं पडत होती. बुद्धघोष शर्टावरचा पट्टा रुमालानं पुसत होता आणि पट्टा पसरत होता.

"घरात दुपारी तू आणि आबा," तो अखेर म्हणाला. "तू स्टिअरिंगवर बसणार. आबा एकटे ढकलणार का?"

"बॅटरी बदलता येते."

"येते." त्यानं रुमाल खिशात घातला. "तुला हवीय का?"

"हवीय," रश्मी म्हणाली. "नका घेऊ."

तो बाहेर बघत राहिला.  बारामती जवळ आली तशी घरं दाट झाली, कुठं कुठं नव्या बांधकामाच्या विटा रचलेल्या दिसल्या. पिंकी तोवर आईच्या मांडीवर लवंडली होती.

"त्या जळोचीच्या खोल्या," तो म्हणाला. "गेल्या असतील ना एव्हाना?"

"गेल्या आठवड्यापर्यंत नव्हत्या."

"तू विचारलंस?"

"दर आठवड्याला विचारते."

त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "आबांना मी सांगतो," तो म्हणाला. "नाही आले तर मी सकाळ-संध्याकाळ रानात जाईन शाळेवरून. बोलतील चार दिवस लोक."

"बोलतील."

"आत्ता बघायच्या का? फाट्यावर उतरलो तर उजेड आहे अजून."

रश्मीच्या अंगात उतरायचंही त्राण नव्हतं. सकाळी सहा वाजता निघालेली, पाच एस.टी., एक कॉन्टेसा, आणि आता जिना चढून मोऱ्या बघायच्या, नळाला पाणी कधी येतं विचारायचं. तिनं झोपलेली पिंकी त्याच्या खांद्यावर दिली. यावेळी पोरगी कुरकुरली नाही. रश्मीनं पायाशी ठेवलेली पिशवी उचलली आणि कंडक्टरला हाक मारली.

"सीट मात्र चांगली होती," दाराकडं सरकता सरकता तो म्हणाला.

"होती," रश्मी म्हणाली. आणि सवयीनं हात पोरीच्या कपाळाकडं नेला, तर तिथं आधीच त्याचा होता.